दोन किलोची गाडी, अर्ध्या एचपीची मोटर

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बेळगावात, वडगावहून येळ्ळूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जळालेला पंप उघडायचा, काळी पडलेली तार छिन्नीने कापून काढायची, मोजून तेवढेच टर्न परत भरायचे, वार्निश पाजायचं आणि पंप शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायचा. वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे गणपतीला पुण्याहून आलेल्या भाच्याने एक खोकं माझ्या मुलापुढे ठेवलं आणि "मामा, ह्याची मोटर गेलीय, तुम्हीच बघा" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम आहे. ते संपायला मार्च उजाडला.

खोक्यात रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक होता. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याचा, अमेरिकन बनावटीचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा. चाकं ही एवढी मोठी आणि वर बॉडी टोपीसारखी टेकवलेली. भाच्याने नोकरीच्या पहिल्या वर्षात हौसेने घेतला होता, मग लग्न झालं, आणि ट्रक माळ्यावर गेला. सगळ्या हौशींचं असंच होतं. सोबत निकेलची जुनी बॅटरी होती, ८.४ व्होल्टची, सात सेलची. ती तर मेलेलीच होती.

मोटर बाहेर काढली. कार्बनवाली, ५५० आकाराची, वर १२ टर्न लिहिलेलं. मला हसू आलं. आमच्याकडे टर्न मोजायला काउंटर लागतो, इथं एका दातावर फक्त बारा वेढे! पण हिशेब तोच. टर्न कमी आणि तार जाड असली की फेरे वाढतात, करंटही वाढतो. मुलाला सांगितलं, "हे काय, आपण दहा टर्न भरून देऊ, अजून पळंल." तो खूश. मी मागच्या टोपणाच्या पाकळ्या पक्कडीने उचकटल्या, आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला आतला गाभा, ओढलं, चुंबकाने ते परत आत खेचलं, आणि त्या झटक्यात एका कार्बनची स्प्रिंग उडाली. ती आजतागायत सापडलेली नाही. कार्बन ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल चर पडले होते. लेथवर कम्युटेटर घासून, नवीन स्प्रिंग करून ती चालू झालीही असती. पण असं टोपण पुन्हा बसवलं तर किती दिवस टिकेल, हे मला माझ्या धंद्यावरून माहीत होतं. गिऱ्हाइकाला दिली नसती, मग मुलाला कशाला?

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आता कार्बनचा जमाना गेला. ब्रशलेस घाला."

मुंबईच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवलं. ३६५० आकाराची मोटर, म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ५० लांबी, ३३०० केव्ही. सोबत ६० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, त्याला ही मंडळी ईएससी म्हणतात. दोन सेलची ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी आणि तिचा वेगळा चार्जर. सगळं मिळून साडेचौदा हजार. हिला मी साडेचार सांगितले. लायपो बॅटरी विमानाने सहज पाठवत नाहीत म्हणून पार्सल रस्त्याने आलं, त्यात नऊ दिवस गेले, आणि नऊ दिवस मुलगा शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवता आधी दुकानात डोकावायचा.

केव्ही म्हटल्यावर मी पहिल्यांदा किलोव्होल्टच समजलो. तसं नाही. मोटरवर काही भार नसताना दर व्होल्टला किती फेरे, तो आकडा. ३३०० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला चोवीस हजारांच्या वर. आमचा पंप २९०० फेऱ्यांवर आयुष्य काढतो.

मोटरला तीन वायरी होत्या आणि त्या बघून माझा जीव भांड्यात पडला. आत बघायला गेलं तर ही थ्री फेजचीच मोटर. ईएससी बॅटरीचा डीसी करंट घेतो आणि तीन वायरींवर आळीपाळीने सोडतो, त्यामागे चुंबकाचा रोटर फिरतो. कार्बन नाही, कम्युटेटर नाही, झिजायला फक्त बेअरिंग. जोडून ट्रिगर दाबला तर गाडी मागे पळाली. मुलगा घाबरला, "बाबा, उलटं झालं!" मी तिन्हीतल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि चाकं सुलट फिरली. शिवारात लाइनमनने फेज बदलला की पंप उलटा फिरतो आणि पाणी कमी येतं. रोज कुणीतरी त्यासाठी बोलावतो आणि मी जाऊन हेच करतो. एवढ्याशा खेळण्यात तेच निघालं, त्या रात्री मला उगाचच फार बरं वाटलं.

मोटर बसवताना एक गोष्ट मात्र माझ्या नजरेने वाचवली. मोटर प्लेटला दोन एम-३ स्क्रूने बसते. जुने स्क्रू तसेच घातले असते तर ते आत शिरून थेट वायंडिंगला टेकले असते, कारण नव्या मोटरचं तोंड पातळ होतं. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि पहिल्याच दाबात इनॅमल खरवडून शॉर्ट. स्क्रू दोन मिलिमीटर कापले. ज्याने कधी मोटर उघडलेली नाही त्याने इथं तरी आधी काडी घालून खोली मोजावी.

आता पिनियन. मोटरच्या शाफ्टवर बसतो तो छोटा गिअर पिनियन, आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा प्लॅस्टिकचा गिअर स्पर. जुना पिनियन झिजून टोकदार झाला होता, म्हणून मी नवीन मागवला होता. शाफ्ट ३.१७५ मिलिमीटर, म्हणजे पावइंचाच्या निम्मा, तेवढं बघितलं. दात १६, तेवढंही बघितलं. बसवला, ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर आवळला, तो सुटू नये म्हणून निळा थ्रेडलॉक लावला. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी सोडली तर आवाज असा, जणू गिरणीत खडे गेलेत. पाच मिनिटांत स्परचे दात पिठासारखे खाली.

दुसरा स्पर आणला. तोही गेला. मग गाडी पिशवीत घालून उद्यमबागेत अण्णांकडे गेलो. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आठवतो, पण इथल्या निम्म्या घरांची चूल फाउंड्री आणि मशीन शॉपवर पेटते. अण्णा गिअर कटिंग करतात. हॉबिंग मशीनसमोर पस्तीस वर्षं उभे आहेत. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, रागात दोन्ही.

"एनरी इदु?" त्यांनी गाडी उलटी करून बघितली. मी सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्परचे दात मोजायला सांगितले. मुलाने मोजले, ८६. अण्णांनी व्हर्नियर लावला, बाहेरचा व्यास साडेशेचाळीसच्या किंचित वर. "८६ मध्ये दोन मिळवा. ८८ नं भागा." मोबाइलवर आलं ०.५२९. मग पिनियन. दात १६, दोन मिळवून १८, व्यास १०.८. भागिले १८, बरोबर ०.६.

"नोड्री," अण्णा म्हणाले, "हे मॉड्यूल ०.६ हाय. आणि तुमचं मोठं चाक इंचाचं हाय, ४८ पिच. पंचवीस पॉइंट चार भागिले अठ्ठेचाळीस करा, ०.५२९ येतंय. लग्न लावताना जात बघताय, गिअर लावताना पिच बघायला नको?"

असली म्हण मला आवडत नाही, पण गिअरच्या बाबतीत ती खरी होती. इंचाच्या पद्धतीत व्यासाच्या एका इंचामागे किती दात तो पिच, आणि मिलिमीटरच्या पद्धतीत व्यासाला दातांनी भागून येतो तो मॉड्यूल. व्यास बाहेरचा मोजला तर दातांत दोन मिळवायचे, अण्णांनी केलं तसं. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ऑनलाइन घेताना हा एकच शब्द वाचायचा राहिला आणि दोन स्पर गेले. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच एक पिनियन काढून द्या की." ते हसले. "आगल्लरी. एवढे बारीक दात पाडायचं हॉब माझ्याकडं नाही. ट्रॅक्टरचं आणा, उद्या देतो."

४८ पिचचे दोन पिनियन मागवले, एक १६ दातांचा आणि एक १९ चा. बसवताना फट किती ठेवायची, तेही त्यांनीच दाखवलं. 'तरुण भारत'च्या कागदाची एक पट्टी फाडून दोन गिअरच्या मधे घातली, मोटर दाबून स्क्रू आवळले आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर नागमोडी घड्या पडल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर घट्ट झालं. मग स्पर बोटाने हलवून बघायचा, अगदी केसभर टकटक लागली पाहिजे. आणि हे एकाच जागी नाही, स्पर चारपाच ठिकाणी फिरवून बघायचं, कारण प्लॅस्टिकचा गिअर कधीच पुरता गोल नसतो.

तोवर दिवाळी झाली होती आणि येळ्ळूर शिवारात भातकापणी सुरू होती. आमच्याकडचा बासमती कापला की शेतात नुसते बुडखे राहतात आणि बांधाकडेने बैलगाडीची वाट मोकळी होते. गाडी तिथं नेली. मुलाने ट्रिगर पूर्ण दाबला, पुढची चाकं उचलली गेली, आणि गाडी पाठीवर पडून बीटलासारखी पाय झाडत राहिली. दोघंही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा सुटली ती सरळ, आणि समोरच्या बांधावरून चांगली हातभर उडाली. खाली पडली तेव्हा चाकं फिरतच होती. टेकल्या क्षणी कट्, आणि एक मागचं चाक सैल.

मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारे शाफ्ट प्लॅस्टिकचे असतात, एकात एक सरकणारे, म्हणजे सस्पेन्शन वरखाली झालं तरी लांबी जुळते. एक शाफ्ट पिळलेल्या टॉवेलसारखा झाला होता. चाक हवेत पूर्ण वेगात, जमीन स्थिर, आणि मधे प्लॅस्टिक. दुसरा आणला, तो तीन दिवस टिकला. तिसरा टिकला, पण गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचे, छोटे गिअर बोडके झाले.

परत अण्णांकडे. मी तयारीने गेलो होतो. "अण्णा, शाफ्ट ईएन-२४ पोलादात वळून द्या. कायमची कटकट मिटंल."

त्यांनी काम थांबवलं. "देतो की. मग काय मोडंल?"

मी म्हणालो, "काही मोडणार नाही."

"हंग अल्लरी. ह्या मोटरची ताकद किती?" मी हिशेब सांगितला. ६० अँपिअर गुणिले ७.४ व्होल्ट, कागदावर साडेचारशे वॉटच्या आसपास. ७४६ वॉटचा एक एचपी, म्हणजे अर्ध्या एचपीच्या वर. आणि अख्ख्या गाडीचं वजन दोन-सव्वादोन किलो. माझ्या दुकानातला अर्ध्या एचपीचा पंप उचलायला दोन्ही हात लागतात. अण्णा म्हणाले, "एवढी ताकद घातली, तर ती कुठंतरी बाहेर पडणारच. तुमी शाफ्ट लोखंडी केला, उद्या डिफ मोडंल. डिफ लोखंडी केला, परवा गिअरबॉक्सचं घर फुटंल. तुमच्या पंपाला फ्यूज का लावताय? सगळ्यात स्वस्त जे हाय ते आधी मोडू दे, न्हाईतर घसरू दे."

मग त्यांनी स्परच्या बाजूचा नट दाखवला, मागे स्प्रिंग असलेला. "हे कशाला हाय?"

तो स्लिपर क्लच. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधे, स्परच्या दोन्ही अंगांना घर्षणाच्या चकत्या आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. झटका आला की तो थोडा घसरतो आणि झटका खातो. पिठाच्या गिरणीचा पट्टा दगड अडकल्यावर सरकतो, तसाच. मी मात्र पहिल्याच दिवशी, गाडी आणखी जोरात सुटावी म्हणून, तो नट शेवटपर्यंत आवळून टाकला होता. वीस वर्षं लोकांना सांगतोय, फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. आणि घरात तेच केलं.

त्यानंतर मी जे केलं ते खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मोटरला हात लावायच्या आधी.

सुरुवात चाकांपासून केली. चाकं बेअरिंगवर नाहीत, बुशवर फिरत होती. धूळ जाऊन बुश लंबगोल झाले होते, चाक हलवलं की डुगडुगायचं. मला ह्याचीच जास्त लाज वाटली. ६२०३, ६२०४ ही बेअरिंगं माझ्या हाताखालून रोज जातात, आणि इथं मी बघितलंसुद्धा नव्हतं. ह्याला ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरचं लागतं, एमआर-११५ नंबरचं. पुढच्या चाकांना, मागच्या हबला, गिअरबॉक्सला, सगळीकडे मिळून डझनभर. गावातल्या बेअरिंगच्या दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "घड्याळ दुरुस्ती सुरू केली काय?" पण मागवून दिली. पत्र्याच्या झाकणाची येतात आणि रबरी सीलची येतात. रबरी सील थोडं जड फिरतं, पण आमच्याकडच्या काळ्या मातीत पत्रा महिनाही टिकला नसता. बसवल्यावर पुढचं चाक बोटाने फिरवून सोडलं. आधी ते दोन फेऱ्यांत थांबायचं, आता मुलगा मोजता मोजता कंटाळला.

मग शाफ्ट. लोखंडी घेतले, पण वळवून नाही, तयार सीव्हीडीचे. सरकणाऱ्या प्लॅस्टिकऐवजी एका टोकाला गोळा आणि त्यात आडवी पिन, चाक कुठल्याही कोनात गेलं तरी फेरा एकसारखा मिळतो. कारच्या पुढच्या चाकांना असतो त्याचाच धाकटा भाऊ. पिनवर ग्रीस भरायचं आणि तिचा बारीक स्क्रू थ्रेडलॉकने आवळायचा. न आवळल्यास पिन शेतात पडते आणि मग मसुराच्या दाण्यातून ती शोधत बसावं लागतं. मी बसलोय. डिफचे गिअर नवीन घातले, ते प्लॅस्टिकचेच ठेवले आणि त्यात जाड ग्रीस चोपडलं. त्याने आणखी एक फायदा झाला. आधी एक चाक बांधावर अधांतरी झालं की सगळी ताकद त्याच चाकात जाऊन ते नुसतं भिरभिरायचं, आता दुसरं चाकही जोर लावतं.

आणि स्लिपर. नट पूर्ण आवळला, मग अर्धा-अर्धा फेरा सैल करत गेलो. मागची दोन्ही चाकं मुलाने घट्ट धरायची, मी अंगठ्याने स्पर ढकलायचा. अगदी जोर लावल्यावर जेमतेम घसरला की बरोबर. मग मोकळ्या जमिनीवर एकदम पूर्ण ट्रिगर. पहिल्या दोन-तीन फुटांत किंचित चिर्र असा आवाज यावा आणि पुढची चाकं उचलल्यासारखी होऊन खाली बसावी. आवाज लांबला तर क्लच जळतोय. आवाज आलाच नाही तर फ्यूजच्या जागी जाड तार आहे, असं समजायचं.

ह्यानंतर महिनाभर काही मोडलं नाही, म्हणून मला खाज सुटली. १९ दातांचा पिनियन डब्यात पडून होता. हिशेब मांडला. गिअरबॉक्सच्या आत २.७२ ची घट आहे. ८६ भागिले १६ गुणिले २.७२ म्हणजे १४.६, मोटरचे एवढे फेरे झाले की चाकाचा एक. १९ घातला तर १२.३. टायर मी टेपने मोजला होता, ११.८ सेंटिमीटर व्यास, म्हणजे एका फेऱ्यात ३७ सेंटिमीटर. १६ वर कागदावर ताशी ३७ किलोमीटर, १९ वर ४४. खरा वेग नेहमीच कमी येतो, पण कागदावरचा आकडा बघून हात थांबत नाही.

१९ घातला. कडक वाटेवर गाडी बाणासारखी गेली. मग मुलाने ती ओलसर शेतात घातली, आणि पंधराव्या मिनिटाला मोटरला हात लावला तर चटका. करोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं थर्मामीटर घरात होतं. ते लावलं तर पडद्यावर नुसतं 'हाय'. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्याला ताप आलाय." ते यंत्र माणसाच्या तापापुढे मोजत नाही, पण बटण दाबून वस्तूचं तापमान मोजायच्या खात्यात टाकलं की मोजतं. ९३ अंश.

इथं माझी विद्याच मला नडली. आमच्या पंपाचं क्लास-बी इन्सुलेशन १३० अंश सोसतं, त्यामुळे ९३ म्हणजे मला काहीच वाटलं नाही. तसंच आठवडाभर पळवली. हळूहळू गाडी मंदावल्यासारखी वाटू लागली. रात्री भाच्याला सहज सांगितलं तर तो फोनवरच ओरडला, "मामा, तार नाही, चुंबक बघा!" ह्या मोटरच्या रोटरवर निओडिमियमचे चुंबक असतात, आणि त्यातल्या साध्या प्रतीच्या चुंबकाची ताकद ८० अंशांच्या पुढे कमी व्हायला लागते. थंड झाल्यावरही ती सगळी परत येत नाही. आमच्या इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये चुंबकच नसतो, म्हणून हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी १६ चा पिनियन परत घातला, मोटरवर उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी बसवली. आता ओल्या शेतातही ६५ च्या आसपास राहते. पण गेलं ते गेलं, पहिल्या दिवसाचा तो उसळी मारणारा जोर पूर्ण परतला नाही.

बॅटरीचं मात्र मी कबूलच करतो, तो निव्वळ मूर्खपणा होता. लायपोचा एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो आणि तीनच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. म्हणून ईएससी ठरावीक पातळीला ताकद तोडतो. एकदा ऐन रंगात गाडी थांबली. शेताच्या मधोमध, चारपाच पोरं बघायला जमलेली. मी ते कट-ऑफच बंद करून टाकलं. शेतकरी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले बायपास करून पंप जाळून आणतात तेव्हा त्यांना मी काय काय बोलतो, ते इथं लिहिता येत नाही. चार दिवसांनी बॅटरी पुरीसारखी फुगली. मीटर लावला, एक सेल २.६. फुगलेली लायपो परत चार्ज करायची नसते, आग लागते. गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बवर ती घराबाहेर पार रिकामी केली आणि ई-कचऱ्यात दिली. तीन हजार आठशे रुपये. हिला ते साडेचार हजारांचं गणित तेव्हाच कळलं.

आता नवीन बॅटरी वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज होते, अंगणात, ५ अँपिअरवर, म्हणजे तासाभरात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती आणायची नाही, असा हुकूम आहे. पळवायची नसेल तेव्हा दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. पूर्ण भरून ठेवली तर ती नुसती बसून म्हातारी होते. मुलगा तीन सेलची मागतोय, ११.१ व्होल्टची. ईएससीला चालते, मोटरलाही चालते. मी म्हणालो, आधी सातवीची परीक्षा.

गेल्या बुधवारी येळ्ळूरचा एक शेतकरी दुकानात आला. बोअरच्या शेजारी नवीन बसवलेला थ्री फेज पंप, पाणी निम्मंच येतंय. "काल तर लाइनवाले फॉल्ट काढलंय म्हणत होते, आन् आज हे असं. काय झालंय बघा की वो. इंपेलर गेलंय काय?" मी हातातलं स्टेटर खाली ठेवून विचारायला लागलो, पंप केव्हा सुरू केला, आवाज कसा आहे. मागच्या बाकावर मुलगा गाडीचे टायर उलटे करून चिखल खरवडत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "काका, फेज उलटलाय. तीनातल्या कुठल्याबी दोन वायरी बदला."

शेतकऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर पिशवीत टाकले आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो.